प्रार्थनेला न आलेल्या मुलाचं जेवण

या वेळच्या टपालात एकाच विषयाच्या आसपासची तीन पत्रं आली, तिन्ही सोलापूरची. तिघांनाही एकमेकांची ओळख नसावी. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात एक मूल अडकलेलं आहे.

प्रश्न : ताई, सलाम. मी सोलापुरात मुलांच्या एका बालगृहात गृहपिता आहे. संस्था ख्रिस्ती. मुलं बारा ते अठरा वयाची, बालकल्याण समितीमार्फत आलेली. निम्म्याहून अधिक मुलं ख्रिस्ती घरांतली नाहीत. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर होते आणि दारूत गेले, दोघं तांड्यावरची आहेत. संध्याकाळी सातला प्रार्थना, मग जेवण, ही आमची जुनी पद्धत. या जूनपासून संस्थेनं एमएसडब्ल्यू झालेल्या समुपदेशक ताई नेमल्या. त्या म्हणतात, माझ्या खोलीत प्रार्थना नको. विश्वस्तांपैकी एक वडीलधारे म्हणतात, प्रभूचं वचन असताना ही खोली हवी कशाला? मधे मी. त्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा रात्री झोपत नाही, भिंतीवर मुठी आपटतो. मागच्या आठवड्यात त्यानं ब्लेडनं हातावर चिरा मारून घेतल्या. वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा शांत बसला, रात्री पुन्हा तेच. विश्वास आणि समुपदेशन एका घरात चालतं का? चालवायचं तर कसं?
— एक गृहपिता, सोलापूर

उत्तर : भाऊ, सलाम. आधी त्या मुलाचं बघू.

हातावर चिरा मारून घेणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचं की नाही, हा विश्वस्तांच्या बैठकीत घ्यायचा विषय नाही. हा अंक हाती पडेपर्यंत नेलं नसेल तर उद्या सकाळी सिव्हिलला न्या, तिथे मनोविकार विभाग आहे. अधीक्षकांकडून बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा. रात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ब्लेड, शिवणाच्या पेटीतली कात्री, संडासातली फिनाईलची बाटली, औषधांचा डबा हे सगळं आजच कुलपात जाऊ द्या, पण त्याच्या देखत झडती घेऊन नको. त्याची खाट कोपऱ्यातून हलवून तुमच्या दाराजवळ घ्या. ‘मरावंसं वाटतं का रे?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते, हा निव्वळ गैरसमज आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या डॉक्टरच बंद करतील. ‘प्रार्थनेनं बरा झालो’ अशी कुणाची साक्ष ऐकून किंवा उपास-प्रार्थनेनंतर ‘आता बरा दिसतोय’ म्हणून नाही.

वडीलधाऱ्यांना हे पटत नसेल तर त्यांना एलीयाची गोष्ट आठवून द्या. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, पण झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून झापतही नाही. भाकर आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. बोलणं त्यानंतर, पुष्कळ चालून झाल्यावर. मी ख्रिस्ती आहे, समुपदेशनाचं काम करते, आणि माझ्या धंद्याचा क्रम मला याहून नीट कुणी शिकवलेला नाही.

तेव्हा एका घरात चालतं का, याचं माझं उत्तर ‘चालतं’ असं आहे. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडले. सातला प्रार्थना, मग जेवण. जो मुलगा सातला येत नाही, त्याच्या जेवणाचं काय होतं? उशिरा मिळतं? गार मिळतं? मिळतं, पण वाढणाऱ्या मावशी तोंड वाकडं करतात? शनिवारी घरी फोन करायची पाळी त्याची मागे जाते? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं कुणी तुम्हाला विचारलंही नसेल. मी कुठल्याही ख्रिस्ती वसतिगृहात गेले की पहिल्यांदा हेच बघते. प्रार्थनेला न आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी काहीही गमवावं लागत नसेल, तर त्या घरात प्रार्थना खरी आहे, आणि समुपदेशकाच्या खोलीत मूल खरं बोलायची शक्यता आहे. गमवावं लागत असेल, तर दोन्हीकडे तुम्हाला पाठांतर ऐकायला मिळणार.

हे पाठांतर मुलं फार लवकर शिकतात. एका वसतिगृहात माझ्यासमोर एक मुलगा बसायचा. कसा आहेस विचारलं की ‘प्रभूच्या कृपेनं बरं आहे मॅडम.’ तोंडावर हसू, आणि टेबलाखाली बोटं स्वेटरच्या बाहीचा धागा उसवत असायची. बाही कोपरापर्यंत आली तरी उत्तर तेच. मग मी विचारणं सोडलं आणि कॅरम काढला. सोंगट्या लावता लावता, वर न बघता तो म्हणाला, ‘मॅडम, देव झोपला होता का ओ त्या दिवशी?’ त्या क्षणाला तिथे एखादे उत्साही पाळक असते, तर त्यांनी देव झोपत नाही याचं वचन काढून दाखवलं असतं. वचन खरं आहे, पण खोलीचं दार तिथेच बंद झालं असतं. मी विचारलं, ‘कुठल्या दिवशी?’ पुढचं इथे सांगायचं नाही. त्यानंतर तो बोलत गेला, एवढंच.

तुमच्या समुपदेशक ताई ‘माझ्या खोलीत प्रार्थना नको’ म्हणतात त्याचा अर्थ बहुधा हा आहे. त्यांना देवाशी भांडण नाही. मुलाला देवाशी भांडायचं असेल तर त्याला जागा हवी, असं त्यांना म्हणायचं असेल. आणि ती जागा पवित्र शास्त्रात आहेच की. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून बघा. बहुतेक विलापगीतं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांनी ते गाळलं नाही. आपण मात्र मुलांच्या प्रार्थनेत फक्त टाळ्या वाजवायची गाणी ठेवतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा वाद आपल्याकडे नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. बाई स्वतः ख्रिस्ती, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ला गदारोळ झाला. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या समाजात ही गोष्ट बाईंच्या बाजूनं सांगतात, आणि मलाही त्यांचा धीर मोठा वाटतो. त्यांनी लपवलं काहीच नाही. पण रानड्यांच्या बाजूनं विचार केला की एक प्रश्न उरतो. जिला घरानं टाकलंय, जी या बाईंच्या घरी जेवते, तिच्यासाठी ते उघडं दार कितपत उघडं? बाईंनी बोलावलं नाही हे खरं, पण मुलीला नाही म्हणता आलं असतं का? एकशेतीस वर्षं होऊन गेली तरी तुमच्या वडीलधाऱ्यांना आणि तुमच्या समुपदेशक ताईंना हाच प्रश्न सोडवायचा आहे.

सोलापुरात तर याचं आणखी कडू रूप आपण पाहिलंय. सेटलमेंट हे नाव आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. १८७१च्या कायद्यानं ज्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायची ती जागा. ३१ ऑगस्ट १९५२ला त्या ‘विमुक्त’ झाल्या. देशात अशा काही वसाहती सरकारनं मुक्तिफौजेसारख्या (साल्व्हेशन आर्मी) ख्रिस्ती संघटनांकडेही चालवायला दिल्या होत्या. त्यातल्या कित्येकांचा हेतू चांगला असेल. पण हजेरी घेणारा, भाकरी देणारा आणि आत्म्याची काळजी वाहणारा एकच माणूस झाला, की समोरचा त्याला हवं तेच बोलतो. तुमच्याकडची काही मुलं त्याच लोकांची पतवंडं असतील.

म्हणून माझं म्हणणं, ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे द्या. रजा, फोन, शिक्षा आणि जेवण तुमच्याकडे आणि अधीक्षकांकडे. प्रार्थना पाळकांकडे. समुपदेशन ताईंकडे, आणि त्यांच्या हातात मुलाला बक्षीस किंवा शिक्षा देण्याची कुठलीच सत्ता नको, शिफारससुद्धा नको. ताईंची खोली प्रार्थनेच्या सभागृहाला लागून असेल तर बदला. दाराला काच असू द्या, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल पण ऐकू येणार नाही. भिंतीवर वचनाची तसबीर नको, तशीच ताईंना कितीही आवडत असली तरी ‘सकारात्मक विचार करा’वालीही नको. त्यांच्या नोंदवहीला कुलूप असावं. मूल काय बोललं हे विश्वस्तांना विचारता येणार नाही, बाल न्याय अधिनियम २०१५मध्ये खासगीपणा आणि गोपनीयता हे तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे.

मूल स्वतः म्हणालं, ‘ताई, माझ्यासाठी प्रार्थना करा,’ तर? मी करते. पण आधी विचारते, काय मागायचं? येशूनं आंधळ्या बार्तीमयाला विचारलं तसं. आंधळ्याला काय हवं असणार हे दिसत असूनही विचारलं. मुलगा जे सांगतो ते कधी कधी त्या तासाभरात बोललेल्यापेक्षा जास्त असतं. एकानं सांगितलं होतं, आई विजापूर वेशीत दिसली पाहिजे. आई गेलेली आहे असं कागदावर होतं. समुपदेशक ख्रिस्ती नसेल तर तिनं प्रार्थना करायची गरज नाही, ‘पाळकांना बोलवू का?’ एवढं विचारलं तरी पुरे.

एक अपवाद मात्र ठणकावून सांगते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, मग ती समुपदेशनात असो, पाळकांकडे पापकबुलीत असो की स्वयंपाकघरात, ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर शिक्षा जास्त. ‘प्रार्थनेत ठेवूया, संस्थेचं नाव जाईल’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. असं म्हणणाऱ्याच्या हाती किल्ल्या ठेवू नयेत. मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा : तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला, अंगाला धोका असेल तर मला सांगावं लागेल.

आणि डोक्यावर हात ठेवण्याबद्दल. मुलाला विचारून ठेवा. ज्या मुलानं मार खाल्लाय तो डोक्याकडे येणाऱ्या हातानं दचकतो, आणि ‘शांत बसला’ म्हणजे कधी कधी गोठून बसलेला असतो. ‘सैतानाचा प्रभाव’ वगैरे शब्द त्याच्या कानावर पडू देऊ नका. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, ते कुठल्याही देवाच्या नावानं केलं तरी.

वडीलधाऱ्यांना समुपदेशन हे देव न मानणाऱ्यांचं खूळ वाटत असेल, तर त्यांना अँटन बॉयसनबद्दल सांगा. अमेरिकेतला पाळक. स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेला. पुढे मनोरुग्णालयातच पाळक म्हणून लागला आणि १९२५पासून धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसून शिकायला लावू लागला. समुपदेशनातला मोठा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, ज्याचं नाव तुमच्या ताईंनी परीक्षेत लिहिलं असेल, तोही आधी धर्मशिक्षणच घेत होता. आपल्याकडे वेल्लोरला ख्रिश्चन कौन्सेलिंग सेंटर आहे. तुमच्या पाळकांना तिथे किंवा तशा ठिकाणी शिकायला पाठवता आलं तर बघा. पाळक आणि समुपदेशक एकाच भाषेत बोलू लागले की तुमचं निम्मं काम हलकं होईल.

शेवटचं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण संक्रांत आली की विषय निघणारच. नंदीध्वज निघतात, अख्खं गाव रस्त्यावर असतं, आणि तुमची मुलं गच्चीवरून आवाज ऐकतात. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्यातल्या विसाव्या कलमात म्हटलंय की घराबाहेर वाढणाऱ्या मुलाची धार्मिक, सांस्कृतिक, भाषिक नाळ लक्षात घ्यावी. सिद्धेश्वराला हात जोडत वाढलेल्या मुलाला यात्रेला पाठवा. सोबत जा, पाळण्यात बसवा, परतीला भजी खाऊ घाला. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. तेही आम्हाला यात्रेला न्यायचे, कुणाला न सांगता.

प्रश्न : मी हिंदू आहे आणि ख्रिस्ती संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात समुपदेशक म्हणून काम करते. मुली विचारतात, ‘मॅडम, तुम्ही येशूवर विश्वास ठेवता का?’ खरं सांगितलं तर त्या दूर जातील असं वाटतं. टाळलं तर खोटं वाटतं.
— एक समुपदेशक, होटगी रोड

उत्तर : खरं सांगा, दोन वाक्यांत. ‘माझ्या घरी देवपूजा असते. तू येशूबद्दल बोलशील तर मला ऐकायला आवडेल.’ मुलींना तुमचा धर्म जाणून घ्यायचा नसतो. त्यांना त्यांचा देव तुमच्यासमोर काढता येईल का, ते चाचपायचं असतं. ख्रिस्ती समुपदेशकाला उलट बाजूनं हीच परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे मी जास्त जणींना नापास होताना पाहिलंय, कारण आपलाच देव ऐकून त्या सल्ले द्यायला लागतात.

एक व्यवहाराची सूचना. त्या मुलींची गाणी ऐकून ठेवा. नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर आहेत, तुम्हाला परकी वाटणार नाहीत. मुलगी गुणगुणत असलेली ओळ तुम्हाला ओळखता आली, की पुढचं सोपं जातं.

प्रश्न : मी एका ख्रिस्ती बालगृहात वाढलो. आता एकोणीस वर्षांचा आहे, एमआयडीसीत हेल्पर आहे, मित्राच्या खोलीवर राहतो, ती पुढच्या महिन्यात सोडावी लागेल. बालगृहात रोज प्रार्थनेला बसायचो, भीतीनं. आता चर्चच्या दारात पाय टाकवत नाही, पोटात गोळा येतो. बाकी माणसं चांगली होती तिथली. हे पाप आहे का?
— नाव नको

उत्तर : नाही रे बाळा, पाप कसलं? अंग जुनी भीती लक्षात ठेवतं, चर्चच्या पायरीवर आलं की ती वर येते. चांगल्या माणसांबद्दल माया आणि त्याच घराबद्दल भीती, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, त्यातलं एक खोटं ठरवायची गरज नाही. चर्चला जाऊ नये असं वाटतंय तोवर जाऊ नकोस. कधी वाटलंच तर उपासना नसताना, दुपारी, बागेत बसून ये. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ तुझ्यासाठीही आहे.

मला तुझ्या खोलीची जास्त काळजी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे पुढची मदत, मिळण्याची तरतूद बाल न्याय कायद्यात आहे. अपवादात्मक परिस्थितीत ती आणखी दोन वर्षं वाढवता येते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४००० रुपये धरलेले आहेत. ते आपोआप खात्यात येत नाहीत, अर्ज करावा लागतो. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात बाल संरक्षण कक्ष विचार. सोबत आधार, बँकेचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि बालगृहाचं मुक्ततेचं पत्र ने. पत्र नसेल तर संस्थेकडे लेखी माग, पोच घे. आईवडील दोघंही नसतील आणि अनाथ प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर तेही याच कार्यालयात विचार. राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण २०१८पासून आहे, त्याला ते लागतं.

संस्थेत पत्र मागायला जायचं तर पुन्हा पोटात गोळा येईल, म्हणून एकटा जाऊ नकोस. मित्राला घेऊन जा, आणि सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा ऑफिसात क्लार्क असतो आणि प्रार्थना नसते.